पावणेदहा तास वर, दोन तास खाली

अलास्कातल्या देनाली (6,190 मीटर) शिखरावर जाऊन यायला गिर्यारोहक एरवी दोन-तीन आठवडे घेतात. जून 2014 मध्ये स्पेनचा पर्वत-धावपटू किलियन जोर्नेटने हिमनदीवरच्या बेस कॅम्पपासून (सुमारे 2,200 मीटर) शिखर गाठलं आणि स्कीवरून परत बेस कॅम्प गाठला. एकूण वेळ 11 तास 48 मिनिटं, तेव्हाचा विक्रम. त्यातले पावणेदहा तास एकट्या चढणीचे. बातमी स्कीवरून घसरत येण्याची होते, पण विक्रम ठरतो तो चढताना.

इतकी घाई कशासाठी? एव्हरेस्टच्या माथ्यावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे एक तृतीयांश असतो, आणि शरीराची ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता उरते जेमतेम पाव. तिथे थांबणं म्हणजे विश्रांती नव्हे. तंबूत पडल्या पडल्याही शरीर खंगत जातं. विरळ हवेचा त्रास मात्र लगेच उफाळत नाही. डोकेदुखी-मळमळ साधारण सहा ते बारा तासांनी सुरू होते, फुप्फुसात पाणी होण्याचा धोका बहुधा दुसऱ्या ते चौथ्या दिवशी. वेगाने जाणारा त्याआधीच खाली आलेला असतो. याचा अर्थ तो उंचीशी जुळवून घेणं टाळतो असा नाही. आधीचे कित्येक आठवडे तो वर चढून पुन्हा खाली येऊन झोपतो. विक्रमाच्या घड्याळात हे आठवडे धरत नाहीत, म्हणून आकडा जादूसारखा वाटतो.

चढताना स्कीच्या तळाला ‘स्किन’ नावाची केसाळ पट्टी चिकटवतात. केस एका दिशेने झुकलेले असल्याने स्की पुढे सरकते, मागे घसरत नाही. पाय उचलायचा नाही, सरकवायचा. इथेच शक्ती वाचते. पावलाशी बांधलेलं वजन पाठीवरच्या तेवढ्याच वजनापेक्षा कितीतरी महागात पडतं, त्यामुळे स्पर्धेची एकेक स्की पाऊण किलोच्या आसपास असते. बुटात मात्र काटकसरीला मर्यादा आहे. आठ हजार मीटरवर पातळ बूट म्हणजे बोटं गमावण्याची तयारी. उतार तीस अंशांच्या पुढे गेला की स्किन धरत नाही. मग स्की पाठीवर, बुटाखाली क्रॅम्पॉन (बर्फात रुतणारे लोखंडी काटे), हातात आइस ॲक्स (बर्फाची कुदळ). उतरवलेली स्किन जॅकेटच्या आत ठेवावी लागते, कारण गोंद गारठला किंवा त्यात बर्फाचा भुगा बसला की ती पुन्हा चिकटत नाही.

शिखरावरची सगळ्यात धोक्याची गोष्ट दिसायला क्षुल्लक असते: बाइंडिंगमध्ये, म्हणजे बूट स्कीला जखडणाऱ्या पकडीत, गोठलेला बर्फ. बुटाच्या टोकाला दोन्ही बाजूंनी दोन पिना पकडतात. त्यांच्या स्प्रिंगखाली बर्फ साचला की जबडा मिटल्यासारखा दिसतो, पूर्ण मिटत नाही, आणि पहिल्याच जोराच्या वळणाला स्की सुटते. म्हणून काठीच्या टोकाने बर्फ खरवडायचा, बूट अडकवून टाच काही वेळा वर-खाली करायची, मगच निघायचं. खूप तीव्र उतारावर पुढचं कुलूपही लावतात, म्हणजे पिना आपोआप उघडत नाहीत. पडल्यावर स्की सुटली नाही तर गुडघा जाईल, पण पंचेचाळीस अंशांवर एक स्की नाहीशी होणं त्याहून वाईट.

उतरणं म्हणजे फुकटचा प्रवास, हा समज चुकीचा आहे. तीव्र उतारावर प्रत्येक वळण उडी मारून घ्यावं लागतं. अशा झटक्यासाठी स्नायूंत साठवलेली ऊर्जा क्षणात खर्च होते, आणि ती भरून काढायला ऑक्सिजन लागतो. समुद्रसपाटीला मिनिटभरात भरणारी कसर इथे लवकर भरत नाही. त्यामुळे चार-पाच वळणं, मग काठ्यांवर वाकून धापा.

खाण्याचंही तसंच. तेवढ्याच ऑक्सिजनमध्ये पिष्टमय पदार्थ चरबीपेक्षा सात-आठ टक्के जास्त ऊर्जा देतात, म्हणून दर तासाला थोडी साखर पोटात जायला हवी. पण भूक मेलेली असते, साखरेचं जेल गोठलेलं असतं, पाण्याची नळी तर सगळ्यात आधी गोठते. बाटली अंगालगत ठेवलेली बरी.

एवढं जमलं तरी बर्फ ऐकेलच असं नाही. हिमस्खलनं बहुतेक तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारांवर होतात, म्हणजे स्कीला आवडणाऱ्याच. 23 सप्टेंबर 2012 च्या पहाटे नेपाळमधल्या मनास्लू शिखरावर हिमलोटाखाली 11 जण गेले. सप्टेंबर 2025 मध्ये पोलंडच्या आंद्रेय बार्गिएलने बाटलीतल्या ऑक्सिजनशिवाय एव्हरेस्ट गाठून बेस कॅम्पपर्यंत स्कीने उतरून दाखवलं. पण तो सलग उतरला नाही. रात्र कॅम्प दोनवर काढली आणि खुंबूचा हिमप्रपात (बेस कॅम्पच्या वरचा, फुटलेल्या हिमनदीचा टप्पा) दुसऱ्या दिवशी, भावाने उडवलेल्या ड्रोनच्या मदतीने वाट शोधत पार केला.