लॅपटॉपमध्ये पाणी जाणे

कीबोर्डमधून, चार्जिंगच्या खाचेतून किंवा तळाच्या जाळीतून पाणी वा अन्य द्रव आत शिरून लॅपटॉप बिघडणे. विदर्भाच्या खेड्यांत उन्हाळ्यात कूलरचे शिंतोडे आणि पावसाळ्यात गळकी कवेलू ही त्याची नेहमीची कारणे. चहा सांडणे वर्षभर चालूच असते.

नुसत्या पाण्याने होते त्यापेक्षा ओल्या मदरबोर्डवरून (लॅपटॉपच्या आतल्या मुख्य सर्किट बोर्डवरून) वाहणाऱ्या विजेने जास्त नुकसान होते. लॅपटॉप बंद असला, तरी बॅटरी जोडलेली असेपर्यंत बोर्डच्या काही भागांत वीज असतेच. पाण्यातले क्षार तिला नको तिथे वाट देतात. शॉर्ट होतो, तांब्याचे पट्टे आणि पिना गंजू लागतात. कनेक्टरच्या पिनांभोवती हिरवट-पांढरी भुकटी दिसते, ती याच गंजाची. म्हणून अकोला, अमरावती, बुलढाणा जिल्ह्यांतील पूर्णा खोऱ्याच्या खारपाणपट्ट्यात बोअरचे पाणी सांडले, तर धोका पावसाच्या पाण्याहून मोठा. साखरेचा चहाही वाईट: वाळल्यावर उरलेला थर दमट हवेत पुन्हा ओल धरतो.

पाणी सांडताच भिंतीवरच्या स्विचबोर्डाचे बटण बंद करून चार्जर काढावा आणि पॉवरचे बटण 10-15 सेकंद दाबून धरावे. फाइल सेव्ह करत बसू नये. मग माऊस, पेन ड्राइव्ह काढून कीबोर्ड पालथा करून टेबलावर टॉवेलवर ठेवावा, स्क्रीन टेबलाच्या कडेवरून खाली लोंबू द्यावी. ‘चालू होतो का’ हे पाहण्यासाठी बटण दाबल्यामुळेच कितीतरी वाचण्याजोगे लॅपटॉप जातात.

तांदळाच्या डब्यात ठेवण्याचा काही उपयोग नाही. बोर्डच्या चिपखालचे पाणी तांदूळ ओढत नाही, उलट पीठ आणि कण आत जातात. हेअर ड्रायरच्या झोताने पाणी आणखी आत ढकलले जाते. मे महिन्याच्या उन्हात तर लॅपटॉप ठेवूच नये; बॅटरी फुगू शकते. सावलीत पंख्याखाली ठेवणे बरे.

खरे काम तळ उघडल्यावरच होते. बारीक फुलीच्या पेचकसाने स्क्रू काढून जसे निघाले त्याच क्रमाने कागदावर मांडावेत, कारण त्यांची लांबी वेगवेगळी असते. काही स्क्रू रबरी पायांखाली दडलेले असतात. कडा जुन्या एटीएम कार्डाने उचकाव्यात. सर्वांत आधी बॅटरीचा कनेक्टर काढावा. ती फुगलेली असेल, तर तिला टोचू किंवा दाबू नये. चहा सांडला असेल, तर बोर्डचा चिकट भाग आधी इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात त्या डिस्टिल्ड वॉटरने पुसावा. (ॲसिडची बाटली नव्हे, लेबल वाचून घ्यावे.) नंतर 99 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल मऊ टूथब्रशला लावून कनेक्टर आणि चिपच्या कडा हलक्या हाताने घासाव्यात. मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात ते ‘आयपीए’ म्हणून मिळते. मेडिकलमधल्या 70 टक्केवाल्यात पाणी असते आणि सॅनिटायझरच्या जेलमध्ये चिकट पदार्थ, त्यामुळे दोन्ही टाळावीत.

त्यानंतर किमान 48 तास, पावसाळ्यात 72 तास वाळवावे. चालू झाल्यावरही धोका टळलेला नसतो: साफ न केलेला बोर्ड काही आठवड्यांनीही गंजून बंद पडू शकतो. कळ आपोआप उमटत राहिली, तर बहुधा कीबोर्डच बदलावा लागतो. स्क्रीनच्या थरांत शिरलेल्या पाण्याचे पांढुरके डाग सहसा जात नाहीत.

बोर्ड गेला तरी एसएसडी (फाइली साठवणारी डिस्क) बहुतेक वेळा शाबूत असते. ती काढून यूएसबी केसमध्ये बसवली की दुसऱ्या संगणकावर फाइली मिळतात. मात्र बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू असेल, तर 48 अंकी रिकव्हरी की लागते. लॅपटॉप वापरणाऱ्याने ती आजच वहीत उतरवून ठेवावी.