लँगरहान्स द्वीपके

स्वादुपिंडात विखुरलेले, संप्रेरके स्रवणाऱ्या पेशींचे सूक्ष्म पुंजके. पाउल लँगरहान्स या जर्मन विद्यार्थ्याने १८६९ मध्ये त्यांचे वर्णन केले. त्यांचे काम काय, हे मात्र त्याला उमगले नव्हते. प्रौढ माणसात असे साधारण १० लाख पुंजके असतात आणि सगळे मिळून स्वादुपिंडाच्या वजनाचा जेमतेम १ ते २ टक्के भाग भरतो. बाकीचे स्वादुपिंड पाचकरस बनवते.

द्वीपकांचे मुख्य काम म्हणजे रक्तातली साखर ताब्यात ठेवणे. हे काम किती नाजूक आहे, ते आकड्यांवरून कळते. उपाशीपोटी निरोगी माणसाच्या सगळ्या रक्तात मिळून ४-५ ग्रॅमच ग्लुकोज असते. फेब्रुवारीत नाशिकच्या हातगाड्यांवर निफाड-दिंडोरीची द्राक्षे दिसू लागतात. त्यातली १०० ग्रॅम खाल्ली, तर सुमारे १६ ग्रॅम साखर पोटात जाते. त्यातली निम्मी ग्लुकोज, म्हणजे रक्तातल्या साठ्यापेक्षा जास्तच. तरी निरोगी माणसाची रक्तशर्करा सहसा १४० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या आतच राहते.

याचे पहिले श्रेय द्वीपकांतल्या, इन्शुलिन बनवणाऱ्या बीटा पेशींना. या पेशी साखर मोजतात ती चक्क स्वतः जाळून. ग्लुकोज आत शिरून जळू लागले की एटीपी हा पेशीतला ऊर्जावाहक रेणू वाढतो, त्यामुळे पेशीपटलावरच्या पोटॅशियम वाहिन्या मिटतात, विद्युतभार बदलतो, कॅल्शियम आत घुसते आणि इन्शुलिनने भरलेल्या पुटिका (सूक्ष्म पिशव्या) बाहेर रित्या होतात. द्राक्षांतली उरलेली निम्मी साखर, फ्रुक्टोज, बीटा पेशींना फारशी चेतवत नाही. उलट आतड्यातून सुटणारे जीएलपी-१ हे संप्रेरक त्यांना चांगलेच चेव आणते. म्हणून शिरेतून दिलेल्या ग्लुकोजपेक्षा तोंडावाटे घेतलेल्या तेवढ्याच ग्लुकोजने इन्शुलिन जास्त सुटते. हे इन्शुलिन प्रथम यकृतात पोचते व तिथून होणारा साखरेचा पुरवठा आवरते. मग स्नायू आणि चरबी रक्तातली साखर उचलतात.

द्वीपकांतल्याच अल्फा पेशींचे ग्लुकागॉन हे संप्रेरक नेमके उलटे काम करते. निर्जळी एकादशीला पंचवटीतल्या आजी दिवसभर उपाशी राहून संध्याकाळी गोदाकाठी आरतीला उभ्या राहू शकतात, त्यामागे यकृतातला साठा मोकळा करणारे हे संप्रेरक असते. मधुमेहाच्या चर्चेत ते उगीचच मागे पडते. प्रकार २ मध्ये इन्शुलिन कमी पडते हे खरे, पण जेवणानंतर गप्प बसायला हव्या त्या अल्फा पेशीही गप्प बसत नाहीत. समोर मिसळ-पाव आणि जिलेबी असताना यकृत आपलीही साखर ओततच राहते. द्वीपकांतल्या डेल्टा पेशींचे सोमॅटोस्टॅटिन हे संप्रेरक अल्फा आणि बीटा या दोघींना लगाम घालते.

प्रकार १ मध्ये शरीराची प्रतिकारयंत्रणाच बीटा पेशी नष्ट करते, त्यामुळे इन्शुलिन बाहेरून घ्यावे लागते. प्रकार २ मधल्या ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या वर सांगितलेल्या पोटॅशियम वाहिन्याच मिटवतात, रक्तात साखर असो वा नसो. त्यामुळे उपवासाच्या दिवशी नेहमीचाच डोस घेतला तर साखर धोकादायकरीत्या उतरू शकते. तो कमी करायचा की टाळायचा, हे डॉक्टरांकडून आधीच ठरवून घ्यावे लागते.