गर्द लाल, सुवासिक गुलाब: कलम नेण्याआधी एवढे वाचा

मोबाइलवर फोटो दाखवून ‘अगदी असाच काळा गुलाब द्या’ म्हणणारे ग्राहक आमच्या रोपवाटिकेत नेहमी येतात. काळा गुलाब नसतो. असतो तो काळपट, मखमली लाल, आणि तो रंग खरा उतरतो थंडीत. त्याच झुडपाचे मे महिन्यातले फूल लहान, फिके आणि कडेने करपलेले निघते, कारण गर्द पाकळी ऊन जास्त ओढते. तेव्हा कलम चुकीचे दिले असे समजू नका.

वासाचे गणित वेगळे आहे. फुलवाल्याकडचा लांब दांड्याचा लाल गुलाब, म्हणजे मावळातल्या पॉलिहाऊसमधला ‘ताज महाल’ किंवा ‘टॉप सिक्रेट’, दांड्यासाठी आणि फुलदाणीत टिकावा म्हणून निवडलेला असतो. वास त्यात जवळजवळ नाहीच. घरच्या बागेसाठी तो आम्ही देत नाही. जुना ‘ग्लॅडिएटर’ अंगणात झकास वाढतो, पण त्याचा लाल उजळ आहे, गर्द नव्हे.

गर्द रंग आणि वास दोन्ही हवे असतील तर तीन नावे लक्षात ठेवा: ‘पापा मेलाँ’ (फ्रान्स, 1963), ‘मिस्टर लिंकन’ आणि ‘ओक्लाहोमा’ (दोन्ही अमेरिका, 1964). तिन्ही एकाच जोडप्याची लेकरे, ‘क्रायस्लर इम्पिरियल’ आणि ‘चार्ल्स मॅलेरिन’ यांच्या संकरातून आलेली. घराण्याचा वास तिघांत उतरला, भुरी या बुरशीरोगाची खोडही थोडीफार उतरली. रंगाने आणि वासाने ‘पापा मेलाँ’ला तोड नाही, 1988 साली जागतिक गुलाब महासंघाने त्याला मानाच्या यादीत घेतले ते उगाच नव्हे. पण झाड नाजूक आणि फुले मोजकी. ‘ओक्लाहोमा’चे फूल भले मोठे, गोलसर, मात्र जुने होताना जांभळट पडते. ‘मिस्टर लिंकन’ पाच-सहा फूट सरळ वाढतो, रोगाला त्यातल्या त्यात कमी बळी पडतो. पहिलाच गुलाब लावत असाल तर आम्ही हाच देतो, तुम्ही दुसरा मागितलात तरी एकदा समजावून पाहतो.

कलम निवडताना फूल बघू नका, बुंधा बघा. डोळा भरलेली जागा, म्हणजे खालच्या जंगली खुंटावर चांगल्या गुलाबाचा कोंब बसवलेला सांधा, घट्ट जुळलेली हवी आणि तिच्यावर निदान दोन जाड, हिरव्या फांद्या हव्यात. एका काटकीवर उमललेले मोठे फूल म्हणजे झाडाने सगळी ताकद खर्चून टाकलेली असते.

लांबून आलेल्या कलमांच्या मुळाशी चिकट लाल मातीचा गोळा असतो. तो तसाच कुंडीत गेला की घातलेले पाणी बाजूच्या भुसभुशीत मातीतून निघून जाते आणि गोळा आत ठणठणीत कोरडा राहतो. वरून माती ओली दिसते, झाड मात्र सुकत जाते. म्हणून पिशवी फाडल्यावर गोळा अर्धा तास बादलीत बुडवा, बाहेरची चिकण माती बोटांनी हलकेच सोडवा, मग लावा. डोळ्याची जागा मातीच्या दोन इंच वर राहू द्या. कुंडी निदान 14 इंची. माती, शेणखत आणि थोडी निंबोळी पेंड. रोज सहा तास ऊन नसेल तर गुलाबाच्या नादी न लागलेले बरे.

डोळ्याखालून निघणारा फुटवा खुंटाचा. तो मुळापासून ओढून काढा, वरून कापलात तर पुन्हा येतो. एका देठावर सात पाने म्हणजे जंगली, हा हिशोब कायम खरा नसतो. चांगल्या कलमालाही कधी सात येतात. कुठून निघाला ते पाहा.

रोग मुख्यतः दोन. पावसाळ्यात काळे ठिपके: पान सात-आठ तास ओले राहिले की बुरशी रुजते, म्हणून पाणी सकाळी आणि बुंध्याशीच द्या, गळलेली पाने कचऱ्यात टाका. कोकणातल्या ग्राहकांनी जून ते सप्टेंबर कुंडी पागोळीपासून दूर ठेवावी. थंडीत भुरी: कोवळ्या शेंड्यावर पिठासारखा थर दिसताच पाण्यात मिसळणारे गंधक लिटरला 2 ग्रॅम, पण कडक उन्हात कधीच नाही, पाने करपतात.

छाटणी ऑक्टोबरच्या मध्यावर, पाऊस पुरता थांबल्यावर. धारदार कात्रीने, फांदीवरच्या, बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या (कोंबाच्या) पाव इंच वर तिरका काप, आणि कापावर बोर्डो मलम (मोरचूद-चुन्याचा लेप). ते न लावल्यास फांदी शेंड्याकडून काळी पडत खाली मरत येऊ शकते. साधारण 45 ते 50 दिवसांत, म्हणजे डिसेंबरच्या सुरुवातीला, पहिला बहर. फूल सकाळी लवकर तोडा. ऊन चढले की वास उडतो.

कलम न्यायला याल तेव्हा गॅलरी कोणत्या दिशेला आहे आणि ऊन किती ते सांगा. जागेचा फोटो दाखवलात तर फुलाच्या फोटोपेक्षा त्याचा आम्हाला जास्त उपयोग होतो.