भयपट आणि चित्रपटगृह (१९३८ ते १९६८)

विसाव्या शतकाच्या मध्यावर, मुख्यतः अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये, भयपट चित्रपटगृहांत कसे दाखवले गेले याचा हा इतिहास आहे. भयपटांवरील लेखनात दिग्दर्शक, नट आणि रंगभूषाकार पुढे असतात, आणि ते रास्तही आहे. पण या तीस वर्षांतली भीती जितकी पडद्यावर घडली तितकीच ती तिकीटखिडकीपाशी, दारावर, प्रोजेक्टरच्या खोलीत आणि कधी कधी चक्क खुर्चीखाली घडवली गेली. थिएटरमालक, डोअरकीपर आणि ऑपरेटर यांना वगळून हा इतिहास लिहिला तर तो अर्धाच राहतो.

युनिव्हर्सल कंपनीचे ‘ड्रॅक्युला’ आणि ‘फ्रँकेन्स्टाइन’ हे दोन्ही बोलपट १९३१ चे. त्यांच्यामागून आलेली भयपटांची लाट १९३६ पर्यंत ओसरली होती. स्टुडिओंनी हा प्रकार जवळजवळ सोडून दिला होता. तो परत आणला एका थिएटरने. १९३८ च्या ऑगस्टमध्ये लॉस एंजेलिसच्या रेजिना-विल्शायर या डबघाईला आलेल्या चित्रपटगृहाने ‘ड्रॅक्युला’, ‘फ्रँकेन्स्टाइन’ आणि ‘सन ऑफ काँग’ हे तीन जुने चित्रपट एकाच तिकिटात लावले. रांगा लागल्या. काम मिळत नसल्याने हलाखीत असलेल्या ‘ड्रॅक्युला’तल्या नटाला, बेला लुगोसीला, थिएटरने प्रेक्षकांसमोर हजेरी लावायला बोलावले. ही गर्दी पाहून युनिव्हर्सलने आपल्या दोन चित्रपटांच्या नव्या प्रती देशभर पाठवल्या आणि १९३९ मध्ये ‘सन ऑफ फ्रँकेन्स्टाइन’ काढला. जुने भयपट जोडीने लावण्याची प्रथा तेव्हापासून रूढ झाली.

याच सुमारास मध्यरात्रीचे भूत-खेळही चालत. एखादा जादूगार चित्रपटाआधी किंवा नंतर रंगमंचावर येई, हातचलाखी करी आणि शेवटी सगळे दिवे घालवून अंधारात प्रेक्षकांच्या डोक्यांवरून चमकणारी भुते नाचवी. पुढे पन्नाशीच्या दशकात जे नवे म्हणून गाजले, त्यातले बरेच या खेळांत आधीच होऊन गेले होते.

दूरचित्रवाणी आणि निकाल

दुसऱ्या महायुद्धानंतर दोन धक्के एकापाठोपाठ आले. १९४६ मध्ये अमेरिकेत आठवड्याला सुमारे ९ कोटी तिकिटे खपत. दूरचित्रवाणी घरात शिरली, कुटुंबे शहराबाहेरच्या उपनगरांत राहायला गेली, आणि दहा वर्षांत हा आकडा जवळपास निम्म्यावर आला. दरम्यान ३ मे १९४८ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पॅरामाउंट या स्टुडिओच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खटल्यात निकाल दिला. मोठ्या स्टुडिओंना आपली थिएटरे विकावी लागली, आणि एक चांगला चित्रपट हवा असेल तर सोबत चार टाकाऊ घ्या अशी सक्तीही बंद झाली. थिएटरमालक मोकळा झाला, पण वर्षभराचा ठरलेला मालही त्याच्या हातून गेला. स्टुडिओंनी कमी आणि महागडे चित्रपट काढायला सुरुवात केल्यावर आठवड्याच्या आठवड्याला पडद्यावर लावायचे काय, हा प्रश्न लहान थिएटरांपुढे उभा राहिला. स्वस्त भयपट या रिकाम्या जागेत वाढला.

ड्राइव्ह-इनने त्याला आणखी जागा दिली. मोटारीत बसून चित्रपट पाहण्याची अशी पहिली जागा न्यू जर्सीत ६ जून १९३३ रोजी उघडली होती. १९५८ च्या सुमारास अमेरिकेत अशा जागा ४,००० हून अधिक होत्या. खिडकीच्या काचेला अडकवलेल्या छोट्या स्पीकरमधून आवाज येई. आई-वडिलांच्या नजरेबाहेर राहायला मिळते म्हणून तरुण मुले-मुली तिथे येत, आणि त्यांना एकमेकांना बिलगायला निमित्त देणारा चित्रपट मालकाला हवा असे.

त्रिमितीचा हंगाम

एप्रिल १९५३ मध्ये वॉर्नर ब्रदर्सने ‘हाउस ऑफ वॅक्स’ आणला. रंगीत, त्रिमितीय आणि अनेक स्पीकरांतून घुमणारा. त्याचा दिग्दर्शक आंद्रे द तॉथ याला एकाच डोळ्याने दिसत असे. पडद्यातल्या ज्या खोलपणाचा भास तो प्रेक्षकांना देत होता, तो स्वतः त्याला कधीच अनुभवता आला नाही. व्हिन्सेंट प्राइस या नटाची भयपटांतली खरी कारकीर्द इथून सुरू झाली.

ऑपरेटरसाठी मात्र हा चित्रपट म्हणजे कसोटी होती. एरवी थिएटरात दोन प्रोजेक्टर असत. एकावरचे रीळ संपत आले की दुसरा सुरू करायचा. त्रिमितीत डाव्या आणि उजव्या डोळ्यासाठी दोन वेगळ्या फिती असल्याने दोन्ही यंत्रे एकमेकांना जोडून एकाच वेळी चालवावी लागत. म्हणजे बदलीला यंत्रच उरत नसे. त्यामुळे मोठी रिळे चढवायची आणि ती संपली की मध्यंतर घ्यायचे. अमेरिकी प्रेक्षकांना मध्यंतराची सवय नव्हती. ते घ्यावे लागे केवळ यंत्रापायी. दोन डोळ्यांची चित्रे चष्म्यातून वेगळी राहावीत म्हणून वापरलेला ध्रुवित (एकाच दिशेत कंप पावणारा) प्रकाश परतताना बिघडू नये म्हणून पडद्याला चंदेरी लेप हवा. एक फीत तुटली आणि जोडताना तिच्यातली दोन चित्रे गेली, तर दुसऱ्या फितीतूनही नेमकी तीच दोन कापायची. हे राहून गेले की दोन्ही डोळ्यांना वेगवेगळे क्षण दिसत आणि प्रेक्षक डोके धरून बाहेर पडत. १९५४ मध्ये जॅक आर्नल्डचा ‘क्रीचर फ्रॉम द ब्लॅक लगून’ आला तोवर हा हंगाम उतरणीला लागला होता. त्रिमितीच्या अपयशाचे खापर प्रेक्षकांच्या कंटाळ्यावर फोडले जाते. प्रोजेक्टरच्या खोलीतल्या या अडचणींचा त्यात मोठा वाटा होता असे वाटते.

त्याच वर्षी, ३ नोव्हेंबरला, जपानमध्ये इशिरो होंडाचा ‘गोजिरा’ (इंग्रजीत ‘गॉडझिला’) हा महाकाय राक्षसाचा चित्रपट प्रदर्शित झाला. मार्चमध्ये बिकिनी बेटाजवळच्या अमेरिकी हायड्रोजन बाँब चाचणीची किरणोत्सारी राख एका जपानी मासेमारी बोटीवर पडली होती; चित्रपटाची सुरुवातच समुद्रात नष्ट होणाऱ्या बोटीने होते. जपानी प्रेक्षकांसाठी ती नऊ वर्षांपूर्वीच्या युद्धाची ताजी आठवण होती. १९५६ मध्ये अमेरिकी वितरकांनी रेमंड बर या नटाची दृश्ये घुसवून आणि मूळ चित्रपटातला बराच भाग कापून तो आपल्याकडे लावला, तेव्हा ही वेदना बरीचशी पुसली गेली. हे नुकसान मोठे होते.

दोन चित्रपट, एक तिकीट

जेम्स निकल्सन आणि सॅम्युअल आर्कॉफ यांनी १९५४ मध्ये काढलेली कंपनी पुढे अमेरिकन इंटरनॅशनल पिक्चर्स, म्हणजे ‘एआयपी’, या नावाने ओळखली गेली. तिचे यश समजायला थिएटरचा हिशेब समजून घ्यावा लागतो. दोन चित्रपटांच्या खेळात मुख्य चित्रपटाला गल्ल्याचा टक्का मिळे. दुसऱ्याला मात्र ठरावीक किरकोळ भाडे. स्वस्त चित्रपट नेहमी दुसऱ्या जागेवर पडत आणि निर्मात्याच्या हाती काही लागत नसे. यावर एआयपीने काढलेला तोडगा साधा होता: दोन्ही चित्रपट आपलेच, जोडीनेच मिळतील आणि जोडीवर टक्का घेऊ. कित्येकदा आधी नाव ठरे, मग पोस्टर रंगवले जाई, ते थिएटरवाल्यांना दाखवले जाई आणि त्यांनी मान डोलावली तरच पटकथा लिहायला घेतली जाई. १९५७ चा ‘आय वॉज अ टीनेज वेअरवुल्फ’ हा या पद्धतीचा गाजलेला नमुना. प्रेक्षक शाळकरी, नायकही शाळकरी. १९६० मध्ये दिग्दर्शक रॉजर कॉर्मनने याच कंपनीला रंगीत, रुंद पडद्यावरचा ‘हाउस ऑफ अशर’ काढायला लावले. अमेरिकी लेखक एडगर ॲलन पो याच्या कथांवरची इथून सुरू झालेली मालिका दाखवते की थोड्या दिवसांत आणि थोड्या पैशांत देखणा चित्रपट होऊ शकतो.

विल्यम कॅसल

या साऱ्या काळाचा आत्मा एका माणसात शोधायचा तर तो विल्यम कॅसल. दिग्दर्शक म्हणून तो मध्यम होता. पण थिएटर ही वास्तू त्याच्याइतकी कुणालाच कळली नव्हती. १९५८ च्या ‘मकाब्र’साठी त्याने लंडनच्या लॉइड्सकडून विमा उतरवला: चित्रपट पाहताना भीतीने कुणी दगावला तर वारसांना १,००० डॉलर. थिएटरच्या लॉबीत नर्सच्या वेशातल्या बाया उभ्या केल्या जात. कुणी दगावले नाही, पण तिकीट घेणारा प्रत्येक जण विम्याचा कागद हाती घेऊनच अंधारात शिरत असे, आणि अर्धे काम तिथेच होऊन जाई.

१९५९ च्या ‘हाउस ऑन हाँटेड हिल’मध्ये ठरलेल्या क्षणी पडद्याजवळच्या पेटीतून एक सांगाडा निघून तारेवरून प्रेक्षकांच्या डोक्यांवरून सरकत जाई. याला ‘इमर्गो’ असे भारदस्त नाव दिले होते. दुसऱ्यांदा आलेली पोरे त्याच्यावर पॉपकॉर्नचे खोके फेकत. त्याच वर्षीचा ‘द टिंगलर’ मात्र खरोखर विलक्षण आहे. कथा अशी की घाबरल्यावर माणसाच्या पाठीच्या कण्यावर एक जीव वाढतो आणि किंचाळल्यानेच तो दुबळा होतो. चित्रपटात हा जीव एका थिएटरात सुटतो. त्या क्षणी खराखुरा पडदा काळा होई, व्हिन्सेंट प्राइसचा आवाज प्रेक्षकांना जिवाच्या आकांताने किंचाळायला सांगे, आणि काही निवडक खुर्च्यांखाली बसवलेल्या छोट्या मोटारी थरथरू लागत. पडद्यावरचे थिएटर आणि आपण बसलेले थिएटर यांतली भिंत तेवढ्या काही क्षणांपुरती नाहीशी होई. ‘पर्सेप्टो’ नावाची ही युक्ती स्वस्त होती, पण तिच्यामागची कल्पना स्वस्त नव्हती.

पुढे १९६० च्या ‘थर्टीन घोस्ट्स’मध्ये प्रेक्षकांना दिलेल्या लाल काचेतून भुते दिसत आणि निळ्या काचेतून नाहीशी होत, ज्याला धीर नाही त्याने निळी धरावी. १९६१ च्या ‘होमिसायडल’मध्ये शेवटाआधी ४५ सेकंदांचे घड्याळ पडद्यावर येई आणि तेवढ्यात बाहेर पडणाऱ्याला पैसे परत मिळत. मात्र त्यासाठी सगळ्यांदेखत ‘भित्र्यांच्या कोपऱ्या’त जाऊन उभे राहावे लागे. त्याच वर्षीच्या ‘मिस्टर सार्डोनिकस’मध्ये खलनायकाला शिक्षा द्यावी की दया करावी, यावर प्रेक्षकांचे मत घेतले जाई. दयेच्या शेवटाची फीत कधी कुणाच्या पाहण्यात आलेली नाही.

ब्रिटन

ब्रिटनमध्ये भयपटांवर सेन्सॉरचा हात जड होता. युद्धकाळात, १९४२ पासून १९४५ पर्यंत, भयपटांना प्रमाणपत्र देणेच थांबवले होते. जानेवारी १९५१ मध्ये सोळा वर्षांखालील मुलांना मज्जाव करणारे ‘एक्स’ प्रमाणपत्र आले. रँकसारख्या चित्रपटगृहांच्या मोठ्या साखळीला ते लाजिरवाणे वाटे, पण हॅमर या छोट्या कंपनीने तेच मिरवले: १९५५ च्या ‘द क्वाटरमास एक्सपेरिमेंट’च्या नावातल्या ‘एक्सपेरिमेंट’ या इंग्रजी शब्दाचे पहिले अक्षर ‘ई’ गाळून त्यांनी शब्दाची सुरुवातच ‘एक्स’ने केली.

मे १९५७ मध्ये लंडनमध्ये लागलेला हॅमरचा ‘द कर्स ऑफ फ्रँकेन्स्टाइन’ आणि पुढच्या वर्षीचा ‘ड्रॅक्युला’ यांनी भयपटाचा रंगच बदलला. टेरेन्स फिशरचे दिग्दर्शन, पीटर कुशिंग आणि क्रिस्टोफर ली यांची जोडी, आणि पडद्यावर प्रथमच इतके लाल दिसलेले रक्त. १९३१ च्या ‘फ्रँकेन्स्टाइन’मध्ये राक्षस झालेल्या बोरिस कार्लोफच्या चेहऱ्यावरची ती ओळखीची रंगभूषा युनिव्हर्सलच्या मालकीची असल्याने हॅमरला राक्षसाचा नवाच चेहरा घडवावा लागला. ब्रिटिश सेन्सॉरने ‘ड्रॅक्युला’तून कापलेली काही दृश्ये जपानला गेलेल्या प्रतीत शिल्लक होती, ती टोकियोतल्या संग्रहात सापडल्यावर अर्ध्या शतकानंतर परत जोडण्यात आली.

अमेरिकेत हॅमरला दूरचित्रवाणीने नकळत हात दिला. ऑक्टोबर १९५७ मध्ये युनिव्हर्सलचे ५२ जुने चित्रपट ‘शॉक’ या नावाखाली स्थानिक वाहिन्यांना विकले गेले. घरच्या लहान, करड्या पडद्यावर पाहिलेली भुते मोठ्या पडद्यावर रंगीत पाहायला तीच मुले थिएटरात आली.

हॅमरच्या या शैलीचा ठसा पुढे मुंबईत रॅमसे बंधूंच्या चित्रपटांवर उमटला. १९७२ चा त्यांचा ‘दो गज जमीन के नीचे’ महाबळेश्वरात चित्रित झाला. हिंदीत त्याआधी १९४९ मध्ये मालाडच्या बॉम्बे टॉकीजने कमाल अमरोही दिग्दर्शित ‘महल’ काढला होता, पण त्याची जातकुळी वेगळी. तो हुरहूर लावतो. किंचाळायला लावत नाही.

‘सायको’ आणि बंद दार

त्या काळी अमेरिकेत थिएटरात सकाळपासून खेळ अखंड चालत. लोक मध्येच कधीही शिरत, शेवट आधी पाहत, मग सुरुवात पाहून आपण आलो तो प्रसंग आला की उठून जात. १६ जून १९६० रोजी न्यूयॉर्कच्या डिमिल आणि बॅरोनेट या थिएटरांत ‘सायको’ लागला आणि ही सवय मोडायला सुरुवात झाली. स्वस्त भयपटांची कमाई आल्फ्रेड हिचकॉकच्या नजरेतून सुटली नव्हती. त्याने आपल्या दूरचित्रवाणी मालिकेतले तंत्रज्ञ घेऊन सुमारे ८ लाख डॉलरांत कृष्णधवल चित्रपट केला, आणि अट घातली की खेळ सुरू झाल्यावर कुणालाही आत सोडायचे नाही. कारण उघड होते: नायिका चित्रपट निम्माही होण्याआधीच मरते, उशिरा आलेला तिची वाटच पाहत बसला असता.

थिएटरमालकांनी आधी कुरकुर केली. पॅरामाउंटने त्यांना एक सूचनापुस्तिकाच पाठवली. लॉबीत घड्याळाकडे बोट दाखवणारा हिचकॉकचा पुठ्ठ्याचा पुतळा, रांगेला ऐकवायची त्याच्या आवाजातली ध्वनिमुद्रणे, दारावर पहारेकरी; आणि चित्रपट संपल्यावर पडदा ओढून अर्धा मिनिट दिवे लावायचे नाहीत, ही सूचना. त्या अर्ध्या मिनिटाच्या काळोखात हिचकॉक भीती मुरू देत होता. बाहेरच्या रांगाच मग जाहिरात ठरल्या, आणि कुरकुर थांबली. वेळेवर जाऊन पहिल्यापासून चित्रपट पाहण्याची शिस्त एकट्या ‘सायको’ने लावली असे नाही; पण सर्वसामान्य थिएटरात ती रुजवण्यात त्याचा वाटा सर्वांत मोठा आहे.

लहान मुलांची दुपार

हा काळ संपला तो कुठल्या एका दिवशी नव्हे, पण १ ऑक्टोबर १९६८ ही तारीख सोयीची आहे. त्या दिवशी पिट्सबर्गच्या फुल्टन थिएटरात जॉर्ज रोमेरोचा ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ प्रथम दाखवला गेला. अमेरिकेत वयानुसार श्रेणी देण्याची पद्धत महिनाभराने, १ नोव्हेंबरला, सुरू व्हायची होती. त्यामुळे भयपट म्हटला की शनिवार दुपारच्या खेळाला, पोरांसाठी, या जुन्या सवयीने अनेक थिएटरांनी तो मुलांना दाखवला. रबरी राक्षस आणि तारेवरचे सांगाडे पाहत वाढलेली ती मुले किंचाळायला तयार होऊनच आली होती. पडद्यावर शेजारीपाजारी माणसांना खात होते, लहान मुलगी आईला मारत होती, आणि शेवटी नायकही वाचत नव्हता. त्या खेळांना हजर असलेल्यांनी लिहून ठेवले आहे की थोड्या वेळाने किंचाळणे थांबले आणि थिएटरात काही मुले नुसती रडत बसली होती.