ॲव्हरेज विचारायचं, सनरूफ घ्यायचं

खानापूर असो वा निपाणी, गाडी घ्यायची म्हटलं की पहिला प्रश्न ॲव्हरेजचा. मग सर्व्हिसिंग, मग रिसेल. पासिंग होऊन दारात उभी राहते ती मात्र उंच, पांढरी, वर सनरूफवाली. 2023-24 मध्ये देशात खपलेल्या दर 10 प्रवासी गाड्यांपैकी सुमारे 6 याच एसयूव्ही-एमयूव्ही गटातल्या. माणूस म्हणतो काय यापेक्षा घेतो काय यावरून त्याची आवड ओळखावी, हा विचार अर्थतज्ज्ञ पॉल सॅम्युएलसन यांनी 1938 मध्येच मांडला होता.

आपल्याकडे तो पडताळायची सोयच नव्हती. अँबेसिडर नाहीतर पद्मिनी; नंबर लावायचा आणि वाट बघायची. डिसेंबर 1983 मध्ये मारुती 800 आली, तरी खरी निवड करायला मिळाली ती नव्वदीनंतर.

मग 2008 मध्ये नॅनो जाहीर झाली. स्वस्त, ॲव्हरेज चांगलं, चौघांना जागा. लोक मागत होते ते सगळं. 2018 मध्ये तिचं उत्पादन थांबलं. 'सर्वांत स्वस्त' हा शिक्का नडला, हे रतन टाटांनीच बोलून दाखवलं. उसाचं बिल आल्यावर घेतलेली गाडी पाहुण्यांनी स्वस्तातली म्हणावी, हे कुणाला रुचेल?

सीमाभागात हिशेब आणखी गमतीचा होतो. कर्नाटकात 5 ते 10 लाखांच्या गाडीला आजीवन कर 14 टक्के, त्यापुढे 20 लाखांपर्यंत 17, सेस वेगळा. म्हणजे सनरूफच्या मोहाने 11 लाखांवर गेलात तर वाढीव दराचेच 33,000 रुपये जास्त. लिटरला 18 ऐवजी 20 किलोमीटर मिळाले आणि पेट्रोल 100 रुपये धरलं, तर किलोमीटरमागे 55 पैसे वाचतात. ते 33,000 भरून काढायला 60,000 किलोमीटर, म्हणजे निपाणी-बेळगाव जाऊन-येऊन जवळपास 400 खेपा! शोरूममध्ये हा हिशेब कुणी मांडत नाही. तिथे बोलणं हप्त्यावर येतं, आणि हप्त्यात 33,000 कुठेच दिसत नाहीत.

सेफ्टीचंही तेच. 2014 मध्ये गाड्या धडकवून सेफ्टी तपासणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या चाचणीत ऑल्टो 800 ला शून्य स्टार मिळाले; पुढची काही वर्षं खपात ऑल्टोच पुढे होती. एअरबॅग हवी म्हणणारे, ती जादा पैसे देऊन घ्यायची वेळ आली की म्युझिक सिस्टीमकडे वळत. शेवटी 2019 मध्ये एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) आणि ड्रायव्हरची एअरबॅग सरकारनेच सक्तीची केली.