७०० एमबीची सीडी, ४.७ जीबीची डीव्हीडी आणि दोन मापांचा घोळ

फोंड्याकडच्या कितीतरी घरांत कपाटाच्या वरच्या खणात अजून एक डबा असतो. लग्नाची डीव्हीडी, देवळाच्या जत्रेत झालेल्या नाटकाच्या चार व्हीसीडी (चित्र साठवलेल्या सीडी), मार्करने लिहिलेले नाव पुसट झालेली एखादी सीडी. पावसाळ्याची बुरशी धरायच्या आत हे सगळे हार्ड डिस्कवर उतरवून ठेवू म्हटले की पहिला प्रश्न येतो, जागा किती लागेल? डिस्कवर छापलेले आकडे जुळवायला बसलो की हिशेब काही केल्या जमत नाही. त्याचे कारण जुने आहे.

सीडी मुळात बाइटमध्ये, म्हणजे संगणकाच्या माहितीच्या एककात, मोजायची वस्तूच नव्हती. फिलिप्स आणि सोनी या कंपन्यांनी १९८० साली तिचे मानक ठरवले ते गाण्यांसाठी, आणि गाणी मिनिटांत मोजतात. १९८२ च्या ऑक्टोबरात जपानमध्ये पहिला सीडी प्लेअर विक्रीला आला. सीडीसाठी आवाजाचे सेकंदाला ४४,१०० नमुने घ्यायचे हा आकडाही संगणकातून आलेला नाही. तेव्हा डिजिटल आवाज व्हिडिओ टेपवर साठवत. टेपवरच्या चित्राच्या एका रेषेत ३ नमुने बसत. सेकंदाला ५० वेळा २९४ रेषा धरल्या काय किंवा ६० वेळा २४५ रेषा धरल्या काय, गुणाकार ४४,१०० च येतो. म्हणजे युरोपची टेप असो वा अमेरिकेची, दोन्हीकडे चालणारा आकडा. व्यवहारी तडजोडीचा इतका सुबक नमुना मी दुसरा पाहिलेला नाही.

सीडीवरच्या एका सेकंदाचे ७५ तुकडे असतात, त्यांना सेक्टर म्हणतात. गाण्याच्या सीडीत एका सेक्टरमध्ये २,३५२ बाइट मावतात. पुढे तीच तबकडी संगणकासाठी वापरायची ठरली, तेव्हा एक अडचण आली. गाण्यात बारीकशी चूक झाली तर कानाला कळतही नाही, पण फाइलमध्ये एक बाइट चुकला तरी ती उघडेनाशी होऊ शकते. म्हणून सेक्टरमधले ३०४ बाइट खुणांसाठी आणि चुका दुरुस्त करण्यासाठी बाजूला काढले. फाइलला उरले २,०४८. आता ७४ मिनिटांची सीडी घ्या: ३,३३,००० सेक्टर, म्हणजे ६८,१९,८४,००० बाइट. ८० मिनिटांच्या सीडीचे होतात ७३,७२,८०,०००. संगणकाच्या जुन्या रीतीत १,०२४ बाइटांचा एक केबी आणि १,०२४ केबींचा एक एमबी; म्हणून यांना १,०२४ ने दोनदा भागले की ६५० आणि ७०३ येतात. वेष्टनावरचे ६५० आणि ७०० एमबी ते हेच.

व्हीसीडीची गंमत निराळी. १९९३ च्या तिच्या मानकाने चित्रात थोडीफार चूक चालेल असे धरून दुरुस्तीचे बरेचसे बाइट सोडून दिले आणि सेक्टरमध्ये २,३२४ बाइट चित्राला दिले. त्यामुळे ‘७०० एमबी’च्या सीडीवर ८०० एमबीच्या आसपासचा सिनेमा बसायचा. गोव्यात तियात्रांच्या, म्हणजे कोंकणी नाटकांच्या, व्हीसीडींचा धंदा मात्र चालला तो मिनिटांच्या मापावर. पाच तासांचे नाटक असेल तर ३०० मिनिटांना ८० ने भागा: पावणेचार, म्हणजे चार तबकड्या. स्टुडिओवाला एमबी विचारायचाच नाही. ‘नाटक किती तासांचे?’ एवढेच विचारायचा, आणि त्याचेच बरोबर होते.

डीव्हीडीने माप बदलले. १९९५ मध्ये कंपन्यांत एकमत झाले, १९९६ च्या अखेरीस ती जपानात बाजारात आली. तिच्यावरचे ४.७ जीबी हे हार्ड डिस्कवाल्यांच्या दशमान रीतीने, दर पायरीला १,०२४ ऐवजी १,००० धरून, मोजलेले आहेत, म्हणजे ४७० कोटी बाइट. विंडोज मात्र १,०२४ नेच भागत राहिले. त्याच्या लेखी त्या डिस्कवर जेमतेम ४.३८ जीबी मावतात. मी स्वतः एकदा जत्रेच्या नाटकाचा ४.५ जीबीचा फोल्डर घेऊन दुकानात गेलो होतो. ४.७ मध्ये ४.५ बसणारच, असा ठाम विश्वास. दुकानातल्या पोराने स्क्रीनकडे एकदा पाहिले आणि म्हणाला, ‘दोन डिस्का लागतील.’ मला वाटले, जास्तीची डिस्क गळ्यात मारतोय. हिशेब त्याचाच बरोबर होता: विंडोजचे ४.५ जीबी म्हणजे जवळपास ४८३ कोटी बाइट.

एककाचे नाव एकच आणि मापे दोन, हा घोळ मिटवायला १९९८ साली आंतरराष्ट्रीय विद्युततांत्रिक आयोगाने १,०२४ च्या मापांसाठी मेबी, गिबी अशी वेगळी नावे काढली. बाजारात ती रुजली नाहीत. अॅपलने २००९ मध्ये आपल्या संगणकांत सरळ दशमान मोजणी आणली, विंडोज जुन्याच वाटेने चालले. त्यात हा फरक एककाबरोबर वाढत जातो: किलोला २.४ टक्के, मेगाला ४.९, गिगाला ७.४, टेराला १० टक्के. फ्लॉपीच्या काळात तो कुणाला जाणवलाही नसेल. तिच्या १.४४ एमबीत तर १,००० आणि १,०२४ अशी दोन्ही मापे एकत्र गुणलेली होती!

आता तो डबा आणि १ टीबीची, म्हणजे दशमान रीतीने १,००० जीबीची, हार्ड डिस्क. विंडोजमध्ये ती ९३१ जीबी दिसते. त्याला डीव्हीडीवर छापलेल्या ४.७ ने भागले तर उत्तर येते १९८. दोन्ही आकडे एकाच मापात घेतले, तर काठोकाठ भरलेल्या २१२ डीव्हीडी तिच्यात मावतात.