उपग्रहीय सागरी डेटाचे व्यवस्थापन

समुद्राच्या पृष्ठाचे तापमान, पाण्याची उंची, वारा आणि रंग यांची उपग्रहांनी घेतलेली मोजमापे साठवण्याची, तपासण्याची आणि अभ्यासकांना उपलब्ध करून देण्याची व्यवस्था. मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांना समुद्रकिनारा नाही, पण इथली कोरडवाहू शेती मान्सूनवर चालते आणि मान्सूनच्या हंगामी अंदाजात प्रशांत व हिंदी महासागरांचे तापमान पाहावेच लागते. २०१५ हे प्रबळ एल निनोचे वर्ष होते, म्हणजे विषुववृत्ताजवळचा प्रशांत महासागर नेहमीपेक्षा जास्त तापला होता आणि अशा वर्षी मान्सून बहुधा कमजोर पडतो; एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. त्या टंचाईचे हे एकच कारण नव्हते, पण दुर्लक्ष करण्याजोगेही नव्हते.

१९७८ चा अमेरिकेचा सागरी उपग्रह सीसॅट साडेतीन महिन्यांतच बंद पडला. भारताचे ओशनसॅट उपग्रह १९९९, २००९ आणि २०२२ मध्ये गेले. पाण्याची उंची मोजणारे जुने उपग्रह थेट खालच्या रेषेपुरतेच मोजत. डिसेंबर २०२२ मध्ये सोडलेला स्वॉट हा उपग्रह सुमारे १२० किमी रुंद पट्टा मोजतो. डेटा फुगला तो अशा बदलांमुळे.

कच्च्या संकेतांपासून नकाशापर्यंत डेटाचे शून्य ते चार असे स्तर असतात. तापमानाच्या प्रमाणित फाइलमध्ये प्रत्येक बिंदूला अक्षांश, रेखांश, वेळ आणि शून्य ते पाच असा गुणवत्तेचा अंक जोडलेला असतो. पाच म्हणजे सर्वांत विश्वासार्ह. ऐन पावसाळ्यात अरबी समुद्रावर ढग दाटले की उष्णतेचे किरण टिपणाऱ्या अवरक्त संवेदकाला पाणी दिसत नाही. सूक्ष्मलहरी संवेदक ढगांतून पाहतो, पण त्याचे चित्र भरड असते. चौथ्या स्तरात मग मोकळ्या जागा गणिताने भरतात. मोजलेले कोणते आणि भरलेले कोणते, ही नोंद पुसली गेली तर तो नकाशा देखणा असूनही अभ्यासाला कुचकामी ठरतो.

संकेतांवरून तापमानासारखी मोजमापे काढण्याचे सूत्र सुधारले की सगळा जुना साठा नव्याने काढावा लागतो. म्हणून कच्चा डेटा कधीच टाकून द्यायचा नसतो; जागा कितीही अडो. प्रत्येक आवृत्तीचा क्रमांकही जपावा लागतो, नाहीतर सूत्रातला बदल समुद्र तापल्यासारखा दिसतो.

भारतात हे काम मुख्यतः हैदराबादचे इन्कॉइस (भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र) आणि अहमदाबादच्या अंतराळ उपयोग केंद्राचे मॉसडॅक संकेतस्थळ पाहते. साठे आता इतके मोठे झाले आहेत की डेटा उतरवून घेण्याऐवजी तो जिथे आहे तिथेच गणना करण्याकडे कल आहे. नांदेड-परभणीच्या संशोधकाला याचा मोठा फायदा: हवा तेवढा प्रदेश आणि हव्या तेवढ्या तारखा निवडून साध्या संगणकावरही काम भागते.